सर्व्हेच्या तिपाईवर ईक्यू माऊंट बसवायची तयारी

दुर्बीण चांगली, ईक्यू माऊंटही (दुर्बीण धरून फिरवणारा, एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला भाग) ठीक, पण सोबत आलेले पाय इतके पातळ की फोकसच्या चाकाला बोट लागलं की गुरू कितीतरी वेळ नाचत राहतो. ज्यांचं असं होतं त्यांनी नवीन तिपाईवर पैसे घालण्याआधी सर्व्हेवाल्यांची जुनी लाकडी तिपाई शोधावी. लाकूड थरथर लवकर जिरवतं, पाय जाड असतात, उंची कमीजास्त होते. ताकारी-म्हैसाळसारख्या उपसा योजना, कालवे, रस्ते यांच्या मोजण्या झालेला हा आपला सांगली-सातारचा पट्टा आहे. कंत्राटदारांच्या गोदामात आणि भंगारवाल्यांकडे अशा तिपाया पडून असतात, विचारायला लाज वाटू देऊ नका. कामाला पावसाळा उत्तम, कारण तेव्हा आकाश बंदच असतं. फक्त लाकडाचं शेवटचं फिटिंग दसऱ्यानंतर करा. ओल्या हवेत फुगलेल्या लाकडावर बेतलेलं माप थंडीत ढिलं पडतं.

तिपाई घेण्याआधी ती पूर्ण उघडून उभी करा, डोक्यावर दोन्ही तळवे ठेवा आणि पिळून बघा, म्हणजे नुसतं दाबायचं नाही तर फिरवायचं. डोकं फिरतंय असं जाणवलं तर बिजागरीचे बोल्ट आवळून पुन्हा करा. आवळल्यावरही फिरत असेल तर ती तिपाई सोडा, वर कितीही सुबक प्लेट बसवली तरी तो दोष जाणार नाही. पायाला चीर आहे का, सरकणारा भाग चिमटीत घट्ट बसतो का, लोखंडी टोकं हलतात का, हेही बघून घ्या.

मग मापं. व्हर्नियर (बारीक मापाचं कॅलिपर) हवाच, पट्टीवर हे काम होत नाही. माऊंटच्या बुडाला एक गोल उंचवटा असतो, जो मूळ तिपाईच्या खोबणीत बसायचा. त्याचा व्यास तीन दिशांनी मोजा, उंची मोजा, भोवतालच्या सपाट कडेची रुंदी मोजा. मधल्या भोकाची खोली व्हर्नियरच्या मागच्या दांडीने घ्या. तिपाईकडे डोक्याचा व्यास, जाडी आणि मधल्या मोठ्या भोकाचा व्यास टिपा. सगळं एकाच कागदावर, मिलिमीटरमध्ये, चित्रासकट लिहा. लेथवाल्यासमोर उभं राहून आठवून सांगितलेलं माप कधीच बरोबर नसतं.

आट्यांची ओळख घरीच पटवून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सर्व्हेच्या तिपाईचा बोल्ट ५/८ इंची, म्हणजे दुकानाच्या भाषेत पाच सूत, इंचाला ११ आटे. कॅमेऱ्याच्या तिपाईला दोन सूत किंवा तीन सूत. ईक्यू माऊंटला मात्र बहुतेक वेळा १० एमएम, क्वचित १२. तीन सूत म्हणजे ९.५ मिमी, आणि त्याचा आटा १० एमएमच्या आट्याच्या इतका जवळचा की तीन सुती बोल्ट १० एमएमच्या भोकात दोन-चार फेरे जातोसुद्धा, मग लटपटतो किंवा अडतो. जोर लावलात तर माऊंटचे आटे गेले. खात्रीचा १० एमएम बोल्ट घ्या आणि फक्त बोटांनी फिरवा. शेवटपर्यंत सहज गेला तरच तो त्याचा. पाना हातात घ्यायची वेळ आली तर थांबा.

दोन आटे वेगळे, दोन व्यास वेगळे, तर मध्ये काय घालायचं? माझं मत ठाम आहे: एकच जाड ॲल्युमिनियमची प्लेट, वरून खोबण आणि खालून बुंधा. वरच्या खोबणीत माऊंटचा उंचवटा बसतो, खालचा बुंधा तिपाईच्या मधल्या भोकात बसतो. अशी जोडणी आपोआप मध्यावर येते. भार प्लेटच्या रुंद सपाट तोंडाने पेलायचा, बोल्टने फक्त ओढून धरायचं. नुसते आटे बदलणारे जे छोटे अडॅप्टर लावतात, त्यात सगळा भार एका बोल्टवर येतो आणि हलणं होतं तसंच राहतं.

प्लेटसाठी २० ते २५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा गोल तुकडा शोधा. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कापून उरलेले तुकडे वजनावर मिळू शकतात. लेथवाल्याला मापांपेक्षा फिटिंग सांगा: खोबण माऊंटपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी मोठी, आणि खोली उंचवट्याच्या उंचीपेक्षा अर्धा मिमी जास्त. हा अर्धा मिमी विसरू नका. उंचवटा तळाला टेकला तर कडेचं तोंड उचललेलं राहतं आणि माऊंट अरुंद तळावर डुलत बसतो. दोन्ही तोंडांचं फेसिंग (तोंड सपाट करणं) शक्यतो एकाच बांधणीत होत नाही, म्हणून ती एकमेकांना समांतर हवीत हे आधीच बोलून ठेवा. माऊंट सोबत घेऊन जा. कागदापेक्षा वस्तू बघून कारागीर काम नेमकं करतो.

लेथ मिळत नसेल तर लाकडावर भागेल. पक्क्या सागवानाच्या किंवा १८ मिमी मरीन प्लायच्या दोन चकत्या चिकटवून प्लेट करा, खालच्या-वरच्या तोंडाला पत्र्याची चकती लावा. एमडीएफ नको, दवाने फुगतो. लाकूड मुरलेलंच हवं. मिरजेत सतारीचं तुनाचं लाकूड आणि भोपळे नीट वाळल्याशिवाय हत्यार लावत नाहीत ते उगाच नाही.

बोल्टासाठी तिपाईचा मूळ पाच सुती बोल्ट त्याच्या सरकत्या पट्टीसकट काढून जपून ठेवा. त्याच्या जागी १० एमएमचा हाय टेन्साइल बोल्ट खालून वर, मध्ये भोकापेक्षा मोठी, ६ मिमी जाड लोखंडी चकती घालून. माऊंटच्या आट्यात तो किमान १२ ते १५ मिमी शिरायला हवा, पण भोकाच्या तळाला टेकता कामा नये. टेकला तर हाताला घट्ट लागतो आणि जोडणी मात्र सैलच असते. मोजलेली खोली इथे कामाला येते.

प्लेट तिपाईला तीन ६ एमएम स्क्रूंनी वेगळी बांधा. याचं कारण असं की उत्तर साधताना मधला बोल्ट किंचित सैल करून माऊंट डावीउजवीकडे फिरवावा लागतो. एकाच बोल्टवर सगळं असेल तर त्या क्षणी प्लेटही फिरते. टॅप मारायचा (भोकात आटे पाडायचे) असेल तर ६ एमएमला ५ मिमीचं बिट, १० एमएमला ८.५ चं. ॲल्युमिनियमवर रॉकेलचे थेंब सोडत राहा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. तिपाई उसनी असेल तर तिला भोकं पाडू नका, प्लेट कडेने क्लॅम्पने धरा.

मूळ तिपाईच्या डोक्यावर एक छोटी खुंटी उभी असते, तिच्यावर माऊंटचे दोन बाजूचे स्क्रू दाबतात आणि दिशा बारीक सरकते. नव्या प्लेटवर ही खुंटी लागतेच. ८ एमएमचा स्टड, खालून चेकनट, बाजूंना कानशीने दोन सपाट तोंडं. जागा ठरवताना माऊंट प्लेटवर ठेवून, दोन्ही स्क्रू मधोमध आणून मगच पंच मारा. आणि खुंटी कुठल्या पायाच्या रेषेत येणार याचा विचार भोक पाडण्याआधी करा, कारण आपल्या अक्षांशावर हा प्रश्न साधा नाही.

सांगली १६.८५ अंशांवर, सातारा १७.७ च्या आसपास. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर, आणि माऊंटचा ध्रुवीय अक्ष जवळजवळ आडवा. अक्ष इतका झोपला की दुर्बिणीचा तोल साधणाऱ्या वजनांची दांडी खाली येताना जवळजवळ सरळ खाली लोंबते आणि उत्तरेच्या पायावर आपटते. युरोपातल्या सूचनापत्रात एक पाय उत्तरेला ठेवा असं असतं, ते तिकडच्या ५० अंशांना ठीक आहे. इथे खुंटी अशी बसवा की उत्तरेला दोन पाय येतील आणि वजनं त्यांच्या मधून फिरतील. टेबलावर माऊंट १७ अंशांवर लावून दांडी हाताने सावकाश फिरवून बघा. पुष्कळ माऊंटचा उंचीचा पुढचा स्क्रूच २० अंशांखाली अडतो. तसं असेल तर आखूड स्क्रू लावा, नाहीतर उत्तरेचे दोन्ही पाय थोडे आखूड करा. उत्तर-दक्षिण पायांत मीटरभर अंतर असेल तर ३ अंशांसाठी सुमारे ५२ मिमी पुरतात.

अशी तिरपी तिपाई वजनं चढवण्याआधी हाताने ढकलून तपासलीच पाहिजे. नळी, वजनं, माऊंट मिळून भार १५ किलोच्या पुढे सहज जातो.

गच्चीसाठी पायांची सोय वेगळी. लोखंडी टोकं मातीत रुततात, फरशीवर सरकतात. जाड रबराच्या तीन चकत्या, मध्ये टोक बसेल एवढा खड्डा, आणि तिन्ही पायांना गुडघ्याच्या उंचीवर एक साखळी. यवतेश्वर-कासच्या बाजूला जांभ्यावर उभं करायचं असेल तरी याच चकत्या न्या.

पहिली रात्र बाहेर काढण्याआधी घरातच पूर्ण जोडा. दूरच्या टॉवरवरचा दिवा मोठ्या शक्तीच्या आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) धरा, नळीला बोटाने टिचकी मारा आणि सेकंद मोजा. दोन-तीन सेकंदांत थांबलं तर जमलं. थांबत नसेल तर एकेक जोड हाताने धरून पुन्हा टिचकी मारा. ज्या जोडाला धरल्यावर थरथर थांबते, दोष तिथे.

पिशवीत १७ चा पाना, ॲलन कीचा जुडगा, पाणसळ, लाल कागद लावलेली बॅटरी, सुटे वॉशर आणि एक जास्तीचा १० एमएम बोल्ट. होकायंत्र घेतलंत तर ते तिपाईपासून चार पावलं दूर धरून वाचा, लोखंडाजवळ सुई भरकटते. आपल्याकडे सुईचं उत्तर आणि खरं उत्तर जवळपास एकच आहे, त्यामुळे झाडाआड ध्रुवतारा गेला तरी बघण्यापुरतं तेवढं पुरतं. घरी परतल्यावर बोल्ट आणि चकती पुसून तेलाचा हात फिरवा, कृष्णाकाठच्या थंडीत दव भरपूर पडतं.