घराच्या खिडक्यांना ब्लाइंड निवडताना या चुका टाळा

नव्या सदनिकेचा ताबा मिळाला की पहिल्या आठवड्यातच दुकानात जायचे, नमुन्यांच्या पुस्तकातले आवडलेले एक कापड निवडायचे आणि बैठकीच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत सगळ्या खिडक्यांना तेच लावून मोकळे व्हायचे, ही घाई मी पुण्यातल्या घरांची अंतर्गत सजावट करताना सातत्याने पाहत आले आहे. घरात राहून पाहिल्याशिवाय कोणत्या खिडकीतून किती वाजता ऊन येते, समोरच्या इमारतीतून काय दिसते आणि वारा कोणत्या बाजूने येतो, हे कळत नाही. आणि ब्लाइंडची निवड मुख्यतः या तीन गोष्टींवर ठरते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी निदान काही आठवडे खिडक्यांना जुन्या चादरी लावायला सांगते आणि ऊन पलंगावर किंवा टीव्हीवर कधी येते त्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगते. अनेकांना हा सल्ला आवडत नाही. ज्यांनी तो मानला, त्यांचे ब्लाइंड पुन्हा बदलावे लागलेले मला आठवत नाहीत.

दिवसा पाहून रात्रीचा निर्णय घेणे

सर्वांत जास्त मनस्ताप देणारी चूक सनस्क्रीन कापडाच्या बाबतीत होते. या कापडाच्या विणीत बारीक छिद्रे असतात आणि त्यांचे प्रमाण टक्क्यांत सांगतात: १, ३, ५ किंवा १० टक्के. दुकानात भर दुपारी हे कापड डोळ्यांसमोर धरले की बाहेरचा रस्ता दिसतो, मात्र बाहेरच्याला आतले दिसत नाही, आणि गिऱ्हाईक तिथेच होकार देते. हा गुण कापडाचा नसून उजेडाचा आहे, हे कोणी सांगत नाही. ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू पलीकडून दिसते. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो म्हणून आतले लपते. संध्याकाळी घरात दिवे लागले की हाच हिशेब उलटा होतो.

बालेवाडी भागातल्या एका कुटुंबाने शयनगृहांसकट संपूर्ण घराला ५ टक्क्यांचे फिकट सनस्क्रीन रोलर, म्हणजे वरच्या नळीवर गुंडाळले जाणारे ब्लाइंड लावून घेतले होते. समोरची इमारत मधल्या गाडीरस्त्याइतक्याच अंतरावर होती. राहायला आल्यावर पुष्कळ दिवस ते निर्धास्त होते, कारण आतून पाहताना रात्री त्यांना कापडच दिसे, बाहेरचे काहीच दिसत नसे. अखेर समोरच्या इमारतीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी घरातल्या आजींना खाली बागेत बाजूला घेऊन सगळे सांगितले. त्या रात्रीपासून घरात अंधारात कपडे बदलणे सुरू झाले आणि नंतर मला बोलावण्यात आले. कापडात काहीच दोष नव्हता, त्यामुळे दुकानाने ते परत घेण्याचा प्रश्न नव्हता. आम्ही शयनगृहांत दुहेरी ब्रॅकेट बसवून काचेच्या बाजूला तेच सनस्क्रीन ठेवले आणि खोलीच्या बाजूला दुसरा, अपारदर्शक रोलर लावला. ही जोडणी सुरुवातीलाच मागवली असती, तर भिंतीला पुन्हा भोके पाडावी लागली नसती.

माझी सवय अशी आहे की कापडाचा निदान हातभर तुकडा मागून घ्यावा, दिवेलागणीनंतर तो खिडकीला चिकटवावा, खोलीतला दिवा लावावा आणि खाली रस्त्यावर जाऊन स्वतः वर पाहावे. दुकानदार एवढा मोठा तुकडा द्यायला कां-कूं करतो, तरीही मागावा.

दिशा न पाहता पट्ट्या निवडणे

आडव्या पट्ट्यांचे व्हेनेशियन आणि उभ्या पट्ट्यांचे व्हर्टिकल यांतली निवड केवळ दिसण्यावर करू नये. पुण्यात डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत आडव्या पट्ट्या थोड्या कलत्या केल्या तरी ऊन अडते आणि उजेड येत राहतो. पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळचे ऊन जवळजवळ आडवे येते. तिथे आडव्या पट्ट्या पूर्ण मिटाव्या लागतात आणि खोलीत अंधार होतो. उभ्या पट्ट्या मात्र सूर्याच्या बाजूला आड करून दुसऱ्या बाजूने उजेड घेता येतो. मे महिन्यात मावळता सूर्य नेमक्या पश्चिमेला नसून तिथून सुमारे २० अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, हिवाळ्यात तो दक्षिणेकडे जातो, आणि उभ्या पट्ट्या त्याप्रमाणे वळवता येतात. उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही असे समजून तिथे काहीच न लावणाऱ्यांना मे महिन्याच्या संध्याकाळी तिरपी तिरीप सोसावी लागते, तीही याच कारणाने.

उष्णतेबद्दलही एक गैरसमज दूर व्हायला हवा. काचेच्या आतल्या बाजूला लावलेला ब्लाइंड ऊन डोळ्यांवर येऊ देत नाही, परंतु उष्णता तोपर्यंत काच ओलांडून आत आलेली असते. काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी असेल तर उष्णतेचा काही भाग परत फिरतो. गडद असेल तर कापड तापते आणि खोलीही तापवते. ऊन खरोखर बाहेर थोपवायचे असेल तर आडोसा काचेबाहेर हवा. विदर्भात दारा-खिडक्यांना बाहेरून वाळ्याचे ओले पडदे बांधतात; त्यांतल्या पाण्याने हवा गार होते आणि ऊनही बाहेरच अडते. पश्चिमेच्या बाल्कनीला बाहेरच्या कडेने बांबूची चिक लावली तर कोणत्याही महागड्या कापडापेक्षा खोली अधिक थंड राहते. पावसाळ्यात मात्र ती उतरवून कोरड्या जागी ठेवावी, नाहीतर तिला बुरशी धरते.

काम पूर्ण होण्याआधी माप घेणे

मापाच्या चुका मी इतक्या पाहिल्या आहेत की आता खिडकीचे काम संपेपर्यंत मी टेप बाहेरच काढू देत नाही. एका घरी ठेकेदाराने वेळ वाचवण्यासाठी कच्च्या खिडक्यांचे माप घेऊन अ‍ॅल्युमिनियमच्या व्हेनेशियनची मागणी नोंदवली. त्यानंतर खिडक्यांना ग्रॅनाइटची चौकट बसली. दोन्ही बाजूंच्या फरश्या आणि त्यांमागचा माल धरून प्रत्येक खिडकी चार-पाच सेंटीमीटरने अरुंद झाली. ब्लाइंड आले तेव्हा ते चौकटीत शिरेनात. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या जागेवर कापल्या तर कडा वाकतात आणि हाताला लागतात, म्हणून तोही मार्ग नव्हता. शेवटी ते चौकटीबाहेर भिंतीवर लावावे लागले. तिथे दोन्ही कडांना जेमतेम दोन सेंटीमीटर झाकले गेले, त्यामुळे सकाळचे ऊन फटीतून सरळ उशीवर येऊ लागले. ज्या दोन आठवड्यांची बचत ठेकेदार अभिमानाने सांगत होता, तिची किंमत ते कुटुंब रोज पहाटे मोजत आहे.

चौकटीच्या आत ब्लाइंड बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत कमी येईल ती धरावी, कारण आपल्याकडच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. चौकटीबाहेर लावायचा असेल तर दोन्ही बाजूंना निदान दहा सेंटीमीटर जास्त घ्यावे. सुतार फूट, इंच आणि सुतांत मोजतो, कारखाना मिलिमीटरमध्ये कापतो; एका सुताचे तीन मिलिमीटरपेक्षा थोडे जास्त होतात आणि रूपांतरात होणारी चूक कोणीच आपल्या अंगावर घेत नाही. म्हणून माप पहिल्यापासून मिलिमीटरमध्येच लिहावे, आधी रुंदी आणि मग उंची. चौकटीची खोलीही मोजावी. सरकत्या खिडकीला मच्छरदाणीचे तिसरे शटर असेल किंवा लोखंडी ग्रिल आतल्या बाजूला असेल, तर रोलरच्या नळीला जागाच उरत नाही. रोमन ब्लाइंड वर घेतल्यावर त्याच्या घड्या वीतभर जागा अडवतात, त्यामुळे आत उघडणाऱ्या झडपांना तो लावू नये.

शयनगृहासाठी ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारे कापड घेऊनही अंधार होत नाही, अशी तक्रार नेहमी येते. रोलरचे कापड ब्रॅकेटसकट रोलरच्या एकूण रुंदीपेक्षा तीन-चार सेंटीमीटर अरुंद असते आणि तेवढी फट दोन्ही कडांना मिळून राहते. चौकटीबाहेर भरपूर झाकण ठेवावे किंवा कडेला कापडाची कड आत धरणारे चॅनेल बसवावेत. झेब्रा ब्लाइंड (आलटून-पालटून पारदर्शक आणि जाड पट्टे असलेला) दिसायला सुंदर असतो, पण पूर्ण अंधार हवा असणाऱ्याने तो घेऊ नये.

स्वयंपाकघरात कापडी रोमन ब्लाइंड नको. फोडणीचा तेलकट धूर त्यात मुरतो आणि वास जात नाही. ओल्या फडक्याने पुसता येईल असा व्हेनेशियन किंवा पीव्हीसीचा थर दिलेला रोलर लावावा, आणि शेगडीच्या मागच्या खिडकीला काहीही लावू नये. न्हाणीघरात खरे लाकूड फुगते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर साध्या लोखंडी ब्रॅकेटना लवकर गंज चढतो.

दोरीच्या बाबतीत मी कोणाचीही सबब मान्य करत नाही. लहान मुलाच्या गळ्यात ब्लाइंडच्या दोरीचा किंवा साखळीचा फास बसून मृत्यू झाल्याच्या घटना अनेक देशांत नोंदलेल्या आहेत. अमेरिकेत दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडसाठी २०१८ पासून दोरीविरहित किंवा हाताला न लागणाऱ्या दोरीची रचना मानकात आली, आणि युरोपच्या २०१४ च्या मानकात साखळीचा फास जमिनीपासून १५० सेंटीमीटरच्या वर ठेवण्याचा दंडक आहे. आपल्याकडे बसवणारा कारागीर साखळी तशीच लोंबती सोडून निघून जातो. साखळी ताणून धरणारी क्लिप पुष्कळदा सोबत येते, ती भिंतीला पक्की करून घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये. पाळणा, पलंग किंवा मुलाला चढता येईल अशी खुर्ची खिडकीखाली ठेवू नये. घरात लहान मूल असेल तर थोडे जास्त पैसे देऊन दोरी नसलेलाच ब्लाइंड घ्यावा.

बसवण्याच्या दिवशी भिंत कशाची आहे हे कारागिराला आधी सांगावे. नव्या इमारतींतल्या एएसी ब्लॉकमध्ये (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांमध्ये) स्क्रूसाठीची साधी प्लास्टिकची गिट्टी धरत नाही. रुंद ब्लाइंड काही महिन्यांत ब्रॅकेटसकट खाली येतो. तिथे त्या ब्लॉकसाठीची लांब गिट्टी लागते. मोटरचा ब्लाइंड हवा असेल तर विजेचा पॉइंट रंगकामाआधी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात काढून घ्यावा. तो राहिला असेल तर भिंत फोडत बसण्यापेक्षा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीची मोटर घ्यावी.