कॉर्डलेस जिगसॉ: सनमायका न उडवता प्लाय कसा कापायचा आणि मशीन कसं सांभाळायचं

नवीन जिगसॉ, म्हणजे हातात धरून चालवायची बॅटरीवरची करवत, घेतलेल्या माणसाची तक्रार साधारण ठरलेली असते, वाकडा कापतो आणि सनमायका उडवतो. माझंही तेच झालेलं. ओट्याखालच्या कपाटाच्या प्लायला पाइपसाठी खाच घ्यायची होती, पांढरा सनमायका, आणि कापून झाल्यावर उंदरानं कुरतडल्यासारखा काठ. मशीन चांगलं होतं, पण जाड दातांचं ब्लेड लावलेलं आणि चांगली बाजू वर ठेवलेली.

जिगसॉचं ब्लेड शिलाई मशीनच्या सुईसारखं वरखाली होतं. हे हत्यार आलंच तिथून, १९४६ मधे स्वित्झर्लंडच्या अल्बर्ट कौफमन या इंजिनिअरनं शिलाई मशीनला सुईच्या जागी करवतीचं पातं लावून बघितलं होतं. नेहमीच्या ब्लेडचे दात वर तोंड करून असतात, म्हणजे ते वर येताना कापतं, त्यामुळे खालची बाजू साफ राहते आणि वरच्या बाजूच्या ढलप्या उडतात. म्हणून प्लाय उलटा करा, सनमायका खाली, खुणा मागच्या बाजूला. फक्त उलटा केला की डावं-उजवं बदलतं हे आखताना डोक्यात ठेवा, नाहीतर खाच भलत्याच बाजूला येते. कपाट बसवून झालंय, उलटं करणं शक्यच नाही, तर उलट्या दातांचं ब्लेड मिळतं, टी १०१ बीआर नंबरचं मागा. ते खाली जाताना कापतं, मशीनला वर ढकलतं, म्हणून मशीन नीट दाबून धरावं लागतं.

आता ब्लेड, कारण निम्मं काम तिथेच ठरतं. आजच्या बहुतेक मशीनना टी शँकचं, म्हणजे मशीनमधे बसणारं टोक इंग्रजी T सारखं असलेलं ब्लेड लागतं, तरी दुकानात जाताना जुनं ब्लेड खिशात घेऊन जा. १९ एमएम प्लाय साफ कापायला टी १०१ बी. काठ कसाही चालेल आणि जाड लाकूड पटकन उरकायचंय तर टी १४४ डी. गोलाई, वळणं असतील तर अरुंद पात्याचं टी ११९ बीओ, रुंद ब्लेड वळणात अडकतं आणि तुटतं. पातळ पत्र्याला टी ११८ ए. लाकडाचं ब्लेड लोखंडाला लावू नका, मिनिटभरात दात जातात.

ब्लेड बदलताना आधी बॅटरी काढा. स्विच सोडलाय म्हणून तेवढ्यावर भागवू नका, बॅटरी बाहेर म्हणजे बाहेर. कापून झाल्या झाल्या ब्लेड चटका बसेल एवढं गरम असतं, जरा थांबा. नवीन ब्लेड क्लॅम्पमधे पूर्ण आत घाला, पाठ मागून आधार देणाऱ्या रोलरच्या खाचेत बसली का बघा, आणि एकदा ओढून बघा. मग छोटा गुण्या लावून ब्लेड आणि खालची प्लेट काटकोनात आहेत का तपासा, प्लेट जरा जरी तिरकी असली तरी काठ तिरका येतो आणि आपण दोष हाताला देतो.

मशीनच्या बाजूला ० ते ३ असा खटका असतो. त्यानं ब्लेड वरखाली होताना पुढेमागेही झुलतं, कापणं पटपट होतं पण काठ खरबरीत येतो. सनमायका, पत्रा, बारीक वळण असेल तर ०, प्लायला ० किंवा १, मऊ लाकूड सरळ आणि झपाट्यानं कापायचं तर ३.

प्लाय दोन सी-क्लॅम्पनी पक्का करा, आणि खाली निदान ४ इंच मोकळी जागा ठेवा, नाहीतर ब्लेडचं टोक स्टुलावर आपटतं. रेषेवर मास्किंग टेप लावून त्यावर आखलं तर काठ आणखी साफ येतो. गॉगल घालाच, एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड, असेल तर मास्कसुद्धा, त्याची धूळ फार बारीक असते.

प्लेट प्लायवर टेकवायची, ब्लेड काठापासून जरा दूर, मग स्विच दाबायचा, पूर्ण वेग आला की पुढे सरकायचं. आणि ढकलायचं नाही. प्लेट खाली दाबून धरा पण पुढे फक्त ब्लेड जेवढं कापतंय तेवढंच जाऊ द्या, ढकललं की ब्लेड आतल्या आत वाकतं, वर रेषा सरळ दिसते आणि खाली ५ एमएम बाहेर गेलेली असते, जाड लाकडात हे हमखास होतं. सरळ कापायचं असेल तर प्लेटच्या कडेला पट्टी क्लॅम्प करा, ब्लेडपासून प्लेटच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून. मधेच भोक हवं असेल, स्विचबोर्डसाठी वगैरे, तर कोपऱ्यात १० एमएमचं ड्रिल मारून तिथून ब्लेड घाला. ॲक्रिलिक असेल तर वेग कमी, नाहीतर ते वितळून ब्लेडमागे परत चिकटतं. थांबताना ब्लेड पूर्ण थांबल्यावरच मशीन उचला.

काम झालं की बॅटरी काढून जुन्या ब्रशनं भुसा झटका, विशेषतः ब्लेडच्या क्लॅम्पमधला आणि मोटरच्या हवेच्या फटींमधला. क्लॅम्पमधे भुसा भरला की ब्लेड अर्धवट बसतं आणि चालू कामात निसटतं. ब्लेडमागच्या रोलरला अधूनमधून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे, जास्त घातलं तर भुसा चिकटून रोलर जाम होतो. ब्रशलेस मोटर नसेल तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे, झिजतात, मशीन मधेच बंद पडायला लागलं की आधी तेच बघून घ्या.

बॅटरीचं जरा सांगतो, कारण मशीनपेक्षा तीच आधी जाते. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे ५ सेल एका रांगेत असतात, काही कंपन्या तीच २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकतात. वापरून गरम झालेली लगेच चार्जरला लावू नका, गार होऊ द्या. ताकद कमी वाटली की थांबा, पार शून्यापर्यंत ओढू नका. महिना-दोन महिने काम नसेल तर साधारण अर्धी भरलेली ठेवा, मशीनपासून वेगळी, आणि एप्रिल-मे मधे गाडीच्या डिकीत अजिबात नको. ज्या डब्यात सुटे स्क्रू, खिळे आहेत त्यात तर नकोच, टोकं जुळून शॉर्ट होते.

पावसाळ्यात, आणि कोकणात, मुंबईत तर जास्तच, ब्लेडवर चार दिवसांत गंज धरतो. मी ब्लेड तेलाच्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, मशीनच्या पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकतो, आणि जूनच्या आधी बॅटरीची आणि मशीनची पितळी टोकं कोरड्या कापडानं पुसून घेतो.