पोरगी चिनी इमर्शनमध्ये आणि आपल्याला चिनीचा च येत नाही, तर आठवडा कसा काढायचा

आम्ही सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहतो. शाळाप्रवेशाच्या लॉटरीत लेकीचा नंबर चिनी इमर्शनला, म्हणजे अर्धी शाळा चिनीतून शिकायच्या वर्गाला, लागला तेव्हा आमच्या घरातलं चिनीचं ज्ञान म्हणजे हक्का नूडल्स आणि मंचुरियन, आणि ते मंचुरियन तर चीनमध्ये कोणी ओळखणारही नाही. आता ती दुसरीत आहे. मधल्या काळात चार-पाच मराठी आयांनी विचारून झालं की तुला येत नाही तर अभ्यास कसा घेतेस गं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, ज्याला जे पटेल ते घ्या.

आधी प्रकार काय ते थोडक्यात. यूटा राज्याने २००८ मध्ये कायदा करून सरकारी शाळांत हे सुरू केलं, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच वगैरे, फी काही नाही. पद्धत अर्धी-अर्धी. दोन वर्ग, दोन बाई, अर्धा दिवस इंग्रजी बाईंकडे आणि जेवणानंतर पोरांची अदलाबदल. चिनीच्या अर्ध्या दिवसात नुसती भाषा नाही, पहिली-दुसरीत गणित पण चिनीत, विज्ञान पण चिनीत. चिनी बाईंना मुलं नावाने किंवा मिस अमुक असं म्हणत नाहीत, आडनाव आणि पुढे लाओशी (म्हणजे शिक्षक), आपल्याकडे 'जोशीबाई' म्हणायचे अगदी तस्संच. मला हे फार आवडलं.

पहिले दोन महिने पोर घरी येऊन म्हणेल की लाओशी काय बोलतात काही कळत नाही. घाबरू नका आणि शाळेत मेल तर अजिबात पाठवू नका. लाओशी पहिल्या दिवसापासून फक्त चिनीत बोलतात आणि बाकीचं सगळं हातवाऱ्यांनी, चित्रांनी, नाटकं करून. बसा म्हणताना स्वतः बसतात, हात धुवा म्हणताना हात चोळून दाखवतात. आपल्याकडचं तान्हं बाळ भाषा अशीच शिकतं की. आणि अमेरिकेचं परराष्ट्र खातं त्यांच्या मोठ्या शिकलेल्या अधिकाऱ्यांना चिनी शिकवायला २२०० तास धरतं, स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, तेव्हा सहा वर्षांच्या पोरीकडून दिवाळीपर्यंत वाक्यं मागू नका.

आता आठवडा.

सोमवारी फोल्डर येतो. त्यात आठवड्याची नवी अक्षरं, आमच्याकडे आठ-दहा असतात, आणि सरावाचे कागद. त्या कागदावर चौकोन आणि प्रत्येक चौकोनात अधिकचं चिन्ह, म्हणजे चार खाचरं पाडलेलं शेत. गंमत म्हणजे चिनीत 'शेत' हे अक्षरच असं दिसतं आणि कागदाचं नावही त्याच्यावरूनच पडलंय. या शेतात अक्षर मधोमध बसवायचं, बांधाबाहेर पाय जाता कामा नये.

आणि इथेच मी पहिली मोठी चूक केली. पहिल्या आठवड्यात 'तोंड' हे अक्षर होतं, दिसायला नुसता चौकोन. मी म्हटलं यात काय शिकायचं, पोरीने पेन्सिल टेकवली आणि एका दमात गोल फिरवून चौकोन बंद केला, असे वीस चौकोन पाच मिनिटांत उरकले आणि आम्ही पराठे खायला बसलो. दुसऱ्या दिवशी कागद परत आला, वीसच्या वीस परत लिहा. कारण तो चौकोन तीन रेघांचा आहे. पहिली डावीकडची उभी, वरून खाली. दुसरी वरची आडवी, तीच न उचलता उजवीकडून खाली वळवायची. तिसरी तळाची, शेवटी. एवढ्याशा चौकोनाचं काय एवढं असं मलाही वाटलं, पण पुढे कळलं की हाच क्रम हाताला लागला की बारा रेघांचं अक्षरसुद्धा हात आपोआप लिहितो, आणि नाही लागला तर प्रत्येक अक्षर म्हणजे नवीन रांगोळी.

नियम मोजकेच आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी मग उभी. आपली शिरोरेघ आपण सगळ्यात शेवटी मारतो ना, इथे ते चालत नाही, वरचं ते आधीच. आणि ज्या अक्षराभोवती चौकट आहे, उदाहरणार्थ 'देश', तिथे चौकटीच्या तीन बाजू आधी, मग आतलं सगळं, आणि तळाची रेघ अगदी शेवटी. हे लेकीच्या डोक्यात काही केल्या बसेना. शेवटी मी ओट्यावरचा रिकामा डबा घेतला, म्हटलं आधी डबा ठेव, मग पीठ भर, मग झाकण लाव. आता ती लिहिताना स्वतःशी पुटपुटते, डबा, पीठ, झाकण. लाओशींना हे काय चाललंय माहीत नाही.

सोमवारी रात्री दहा मिनिटं फक्त अक्षरं फोडायची. 'बाई' आणि 'मूल' शेजारी शेजारी म्हणजे 'चांगलं'. सूर्य आणि चंद्र एकत्र म्हणजे 'उजेड'. एक झाड म्हणजे झाड, दोन झाडं म्हणजे राई, तीन झाडं म्हणजे घनदाट. डावीकडे तीन थेंब दिसले की पाण्याशी काहीतरी संबंध, नदी, समुद्र, धुणं. हे तुम्हाला आधी माहीत असायची गरज नाही, फोनवर प्लेको नावाची डिक्शनरी टाका, फुकट आहे, त्यात बोटाने अक्षर गिरवलं की अर्थ आणि उच्चार दोन्ही मिळतं.

मंगळवार आमच्याकडे उच्चारांचा. आणि इथे, मंडळी, मराठी माणूस राजा आहे. रोमन अक्षरात चिनी लिहायची जी पद्धत आहे, पिनयिन, चीनने १९५८ मध्ये आणलेली, ती बऱ्याच शाळा मुद्दाम दुसरी-तिसरीपर्यंत शिकवत नाहीत, नाहीतर मुलं अक्षराकडे न बघता खालचं रोमनच वाचतात. पण आयाबापांच्या हातातल्या कागदावर ते असतं आणि अमेरिकन पालक ते बघून बी ला ब वाचतात. ब नाहीये तो. पिनयिनमधला बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे फ, पण खरा फ, दोन्ही ओठ मिटून म्हणायचा, फॅनमधला नाही. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. संपलं. ज्यासाठी इंग्रजीवाल्यांना तोंडासमोर कागद धरून फुंकर बघायला लावतात ते आपण बालवाडीत क ख म्हणताना करून बसलोय.

त्याहून भारी म्हणजे च. आपल्याकडे दोन च आहेत, चार मधला आणि चोर मधला, हे हिंदीवाल्यांना सांगूनही कळत नाही. चिनीत दोन्ही आहेत! पिनयिनमधला जे म्हणजे चारचा च, झेड म्हणजे चोरचा च. शाळा सुटताना मुलं ओरडतात ते 'चाय-च्येन', म्हणजे परत भेटू, त्यात पहिला च चोराचा आणि दुसरा चारचा. लेकीला एकदा सांगितलं, परत सांगावं लागलं नाही. जीभ वळवून म्हणायचा तिसरा एक च पण आहे, त्याला मात्र आपल्याकडे जोडीदार नाही, तो लाओशींवर सोडा.

सूर मात्र आपल्याला नवीन. चार सूर असतात आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. मी घरात 'हो'वर बसवले. लांब गच्चीवरून कोणी हाक मारली की आपण वरच्या पट्टीत 'होऽऽऽ' म्हणतो, सपाट, तो पहिला. 'हो? खरंच?' असा चढणारा तो दुसरा. मनात नसताना 'हो...ओ' म्हणतो, खाली जाऊन जरासा वर, तो तिसरा. आणि 'हो! सांगितलं ना एकदा!' हा वरून धाडकन खाली, तो चौथा. भांडी घासता घासता होतं हे.

बुधवार गणिताचा, म्हणजे होमवर्कमध्ये. चिनी आकडे सरळ आहेत, अकरा म्हणजे दहा-एक, एकवीस म्हणजे दोन-दहा-एक, एकोणपन्नास म्हणजे चार-दहा-नऊ. शून्य ते दहा पाठ झालं की नव्व्याण्णवपर्यंत फुकट. तुम्हाला आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तर केवढा गदारोळ झाला होता, तेव्हा मीही नाकं मुरडणाऱ्यांत होते, आता बोलती बंद आहे. लेक सांगलीच्या आजीला फोनवर शंभरपर्यंत चिनीत म्हणून दाखवते आणि मराठीत एकोणतीसला अडकते, म्हणते आजी, २९ च्या नावात तीस कशाला घुसवलंय? आजीकडे उत्तर नाही. फक्त एक खड्डा लक्षात ठेवा, चिनीत चौदा आणि चाळीस उलटसुलट, दहा-चार आणि चार-दहा, आणि चारच्या चिनी शब्दात स तर दहाच्या शब्दात ष. आपण बोलताना ष कधीच सोडून दिलाय, सगळीकडे श. मुलं इथे हमखास गणित चुकतात आणि आपण समजतो बेरीज येत नाही. बेरीज येत असते. आकडा परत म्हणायला सांगा.

गुरुवारी व्हॉलंटिअर आया वर्गात जाऊ शकतात. जरूर जा, पण गप्प बसा. मी एकदा बाजाराच्या खेळात दुकानदार झाले, प्लास्टिकची सफरचंदं मांडून. 'विकणे' आणि 'विकत घेणे' दोन्हीचा उच्चार माय, सूर फक्त वेगळा, तिसऱ्या सुरात घेणं आणि चौथ्यात विकणं. मी सगळ्या गिऱ्हाइकांना आनंदाने सांगत होते की मी सफरचंदं विकत घेते, आणि पोरं बिचारी स्वतःच्या हातातली सफरचंदं मला आणून देत होती. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. त्यानंतर मी वर्गात जाते ते कागद कापायला आणि पेन्सिलींना टोक करायला.

गुरुवारची रात्र महत्त्वाची कारण शुक्रवारी थिंग-श्ये, म्हणजे श्रुतलेखन. लाओशी शब्द म्हणतात, मुलं लिहितात. याची तयारी मी उलटी करते. ती लाओशी, मी विद्यार्थी. ती शब्द म्हणते, मी शेताच्या कागदावर लिहिते आणि ती तपासते. माझी चूक पकडायची म्हणून पोरगी जेवढं बारकाईने बघते तेवढं स्वतःचं कधी बघितलं नसतं. 'मोठं' या अक्षराला वर आडवी दिली की 'आकाश', पायाशी टिंब दिलं की 'खूपच', आणि टिंब उजव्या खांद्यावर गेलं की 'कुत्रा', हे मला तिने शिकवलंय, तेही कमरेवर हात ठेवून. दहा मिनिटांच्या वर ताणू नका मात्र, झोपेच्या वेळी अक्षरं घोटून घेतली की दुसऱ्या दिवशी सगळी सपाट.

शुक्रवारी शाळा लवकर सुटते, थिंग-श्येचा कागद येतो, फ्रीजवर लावायचा, विषय संपला.

या रोजच्या पलीकडे मधूनमधून प्रोजेक्ट येतात, त्यातला वंशवृक्षाचा आला की कॉलर ताठ करा. इंग्रजीत सगळेच अंकल-आंटी, पण चिनीत आत्या वेगळी, मावशी वेगळी, मामा वेगळा, ताई म्हणजे 'च्ये-च्ये', आणि काकांमध्येही वडिलांपेक्षा मोठा वेगळा नि लहान वेगळा. एवढंच नाही तर वडिलांचे वडील 'ये-ये' आणि आईचे वडील 'वाय-कोंग', आपण दोघांनाही आजोबाच म्हणतो. लेकीच्या झाडाला जागा पुरेना, खाली दुसरा कागद चिकटवला.

तसंच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मून फेस्टिव्हल येतो, त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. २०२५ मध्ये ती ६ ऑक्टोबरला होती आणि आपली कोजागरीही त्याच दिवशी. वर्गात चंद्रावरच्या सशाची गोष्ट झाली तर लेक उठून म्हणाली की आमच्या चंद्रावर पण ससाच आहे. मसाला दूध थर्मासमधून न्यायची माझी फार इच्छा होती पण शाळेत घरचं काही चालत नाही, तर घरी केलं, एका हातात मूनकेक आणि एका हातात दूध. शाकाहारी असाल तर मूनकेकचा डबा उलटून घटक वाचा, पारंपरिकमध्ये डुकराची चरबी असते आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा बलक.

राहता राहिला मराठीचा प्रश्न. तीन भाषांनी पोर गोंधळेल म्हणून एका घरी मराठी बंद करून इंग्रजी सुरू केलं, मला ते अजिबात पटलं नाही. वरचे सगळे फायदे, दोन च, प आणि फ, मामा-आत्या, हे मराठी घरात चालू आहे म्हणूनच मिळतात. पोरं खिचडी करतात थोडे दिवस. आमच्याकडे बरेच दिवस 'आई, श्वेय दे' चालायचं, श्वेय म्हणजे पाणी. मी पाणी द्यायचे आणि 'घे पाणी' म्हणायचे, बास.

रविवारी रात्री फोल्डरमध्ये वाचनाच्या कागदावर सही केली का ते बघा, पेन्सिलींना टोक करा आणि शेताचे कोरे कागद जास्तीचे प्रिंट करून ठेवा. आमच्याकडे दुप्पट लागतात, कारण गेल्या गुरुवारी मला दहापैकी चार मिळाले आणि लाओशींनी उरलेली सहा प्रत्येकी दहा वेळा लिहायला सांगितली आहेत.