डोक्याला जबर मार: तालुक्याच्या कॅज्युअल्टीत आधीच काय मांडून ठेवायचं

मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर, सुरत-नागपूर महामार्गावर नवापूर, पारोळा, एरंडोल, वर सातपुड्यात धडगाव. डोक्याला मार लागलेला माणूस आधी अशाच ठिकाणच्या दवाखान्यात येतो आणि न्यूरोसर्जन बसलेला असतो धुळ्याला नाहीतर जळगावला. मधला तास-दोन तास आपल्या हातात असतो. मेंदूची सूज उतरवणाऱ्या मॅनिटॉलची बाटली सगळ्यांना आठवते, पण मारानंतर होणारं मेंदूचं दुसरं नुकसान बहुतेक वेळा ऑक्सिजन आणि रक्तदाब पडल्यामुळे होतं. म्हणून तयारीचा क्रमही तसाच ठेवा: आधी श्वास, मग रक्तदाब, मग कार्बन डायऑक्साइड, आणि त्यानंतर बाटल्या.

सुरुवात टेबलाच्या डोक्याकडून. सक्शन सुरू करून बघा, नुसतं प्लग लावलेलं पुरत नाही. जाड यांकाउर नळी जोडलेली असू द्या, रक्त आणि उलटी बारीक कॅथेटरमधून ओढली जात नाही. लॅरिंगोस्कोपची (घसा बघायच्या दिव्याची) दोन पाती आणि जादा सेल ठेवा. श्वासनळीत घालायची ट्यूब 7, 7.5 आणि 8 नंबरची, कफ म्हणजे तिचा फुगा फुगवून तपासलेली. बूजी, म्हणजे ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी, हाताशी हवीच, कारण मान हलवायची नसते आणि एक जण दोन्ही हातांनी डोकं सरळ धरून असतो, त्यामुळे स्वरयंत्र अर्धवटच दिसतं. जीसीएस (डोळे, बोलणं, हालचाल यांवरून शुद्धीचे 3 ते 15 गुण) 8 किंवा कमी असेल तर ट्यूब टाका. नाकातून ट्यूब किंवा रायल्स ट्यूब (पोटाची नळी) घालू नका. कवटीचा तळ फुटलेला असू शकतो. ती तोंडातून घाला.

औषधं सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून ठेवण्याचा क्षण म्हणजे पेशंटची गाडी निघाल्याचा फोन येतो तो. भुलीसाठी केटामाइन 1 ते 2 मिग्रॅ प्रति किलो. त्याने डोक्यातला दाब वाढतो ही जुनी भीती आता सोडायला हरकत नाही, आणि रक्तदाब पडलेल्या पेशंटला ते इतरांपेक्षा बरं. स्नायू ढिले करायला सक्सिनिलकोलिन 1.5 मिग्रॅ प्रति किलो, किंवा रोक्युरोनियम 1.2. ही दोन्ही फ्रिजमधली औषधं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास जातो, त्यात लाइट गेली की सक्सिनिलकोलिन हळूहळू कमजोर होतं. बाहेर काढल्याची तारीख बाटलीवर लिहा. ट्यूबनंतर झोपेचं मिडाझोलाम आणि वेदनेचं फेंटानिल चालू ठेवा. नुसतं स्नायू ढिले करणारं औषध देऊन पेशंट शांत दिसतो, पण आत जागा असेल तर दाब वाढतच राहतो.

यापैकी काहीही देण्याआधी जीसीएस आणि डोळ्यांच्या बाहुल्या लिहून घ्या. भुलीनंतर ही तपासणी परत मिळत नाही आणि पुढचा सर्जन पहिला प्रश्न तोच विचारतो. हाक पेशंटच्या बोलीत मारा: ‘तुन्हं नाव काय शे?’, ‘डोया उघाड’. धडगाव-अक्कलकुवा भागात पावरी किंवा भिली बोलणारी एखादी मावशी, ब्रदर कोण ड्युटीवर आहे ते माहीत असू द्या. आज्ञा कळलीच नाही तर मोटरचे, म्हणजे हालचालीचे, गुण फुकट कमी होतात. दारूचा वास आला म्हणून कमी गुण दारूवर ढकलू नका. बाहुलीसाठी खिशातला टॉर्च, आणि मिलिमीटरमध्ये आकडा. एक बाहुली दुसरीपेक्षा 1 मिमीपेक्षा जास्त मोठी, उजेडाला न आकसणारी, असं दिसलं तर मेंदू खाली सरकतो आहे असं धरून चाला. नाडी मंद, रक्तदाब चढलेला, श्वास अनियमित हे त्याच गोष्टीचं उशिरा दिसणारं रूप. तिथे रक्तदाब उतरवायचं औषध देऊ नका, मेंदूला रक्त त्याच दाबावर पोचतंय.

सिस्टोलिक (वरचा रक्तदाब) 110 च्या वर ठेवा. 50 ते 69 वयाला 100 चालतं. ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या वर. दोन्ही हातांना 18 नंबरच्या सुया. सलाइन फक्त नॉर्मल सलाइन. 5 टक्के डेक्स्ट्रोजची बाटली त्या टेबलाजवळ असूच नये, त्यातलं पाणी मेंदूत शिरून सूज वाढवतं. आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाइनही किंचित पातळच. मोठ्या माणसात नुसत्या डोक्याच्या माराने रक्तदाब सहसा पडत नाही, म्हणून पडला असेल तर छाती, पोट, कंबर, मांडी बघा. डोक्याची कातडीही भरपूर रक्त गाळते. पट्टीवर पट्टी न बांधता चार मोठे टाके घालून टाका. रक्तदाब चढवणारं नॉरअॅड्रेनालिन 4 मिग्रॅ 50 मिली सलाइनमध्ये भरलं तर 60 किलोच्या माणसाला ताशी सव्वादोन मिलीपासून सुरुवात होते. साखर तपासा, स्ट्रिपची मुदत बघून.

आता अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी. जास्तीत जास्त नुकसान इथे होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. घाबरलेला हात मिनिटाला तीस वेळा दाबतो. कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच उपाशी असलेल्या भागाला रक्त मिळत नाही. दर सहा सेकंदांनी एकदा, एका हाताने, छाती उचलेल इतकंच. कॅप्नोमीटर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर 35 ते 40. बाहुली फाकली तरच दर तीन सेकंदांनी, 30 ते 35 वर, आणि तेही औषध लागू पडेपर्यंत किंवा ऑपरेशन टेबल गाठेपर्यंतच. भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ हवं. मोबाइल हातात धरून अंबू दाबता येत नाही.

डोकं 30 अंशांवर. मणक्याची खात्री नसेल तर कंबरेत न वाकवता आख्खी ट्रॉली तिरकी करा. मान सरळ. कॉलर घट्ट बसली किंवा ट्यूबची पट्टी मानेभोवती आवळली की शिरेतलं रक्त डोक्यातच अडकतं. ट्यूब चिकटपट्टीने गालावर बसवा.

20 टक्के मॅनिटॉलच्या 100 मिलीत 20 ग्रॅम असतं. 1 ग्रॅम प्रति किलो धरलं तर 60 किलोला 300 मिली, वीस मिनिटांत. वीस थेंबांच्या सेटवर हे मिनिटाला 300 थेंब होतात, म्हणजे मोजत बसायचं नाही, नॉब पूर्ण उघडा. थंडीत बाटलीत स्फटिक धरतात. बाटली उजेडाकडे धरून बघा, गरम पाण्यात ठेवून विरघळवा, अंगाच्या उबेइतकी निवू द्या, मग फिल्टरच्या सेटने द्या. लघवीची नळी आधी. रक्तदाब 90 च्या खाली असेल तर मॅनिटॉल नको, ते पाणी लघवीवाटे काढून दाब आणखी पाडतं. तिथे 3 टक्के सलाइन 250 मिली, पंधरा ते वीस मिनिटांत, चांगल्या मोठ्या शिरेतून. मुलांना 2 ते 5 मिली प्रति किलो. ही बाटली नॉर्मल सलाइनसारखीच दिसते. वेगळ्या कप्प्यात, लाल पट्टी लावून ठेवा.

फिटसाठी लेव्हेटिरासेटाम किंवा फेनिटॉइन 20 मिग्रॅ प्रति किलो. फेनिटॉइन सलाइनमध्येच, मिनिटाला 50 मिग्रॅपेक्षा जोरात नाही. रक्तस्राव आवरायला ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत, मार लागून तीन तास झाले नसतील तर. 2019 च्या क्रॅश-3 चाचणीत फायदा दिसला तो हलक्या-मध्यम मारात, दोन्ही बाहुल्या उजेडाला न आकसणाऱ्यांत नाही. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड द्यायचं नाही. 2004 च्या क्रॅश चाचणीत स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत 21.1 टक्के दगावले, न दिलेल्यांत 17.9. तरीही रेफर चिठ्ठ्यांवर ते अजून दिसतं.

सीटीची सोय नसेल तर त्यासाठी आधी दुसऱ्या गावाला वळसा घालू नका. जिथे सीटी आणि सर्जन दोन्ही आहेत तिथेच पाठवा. 108 ला (अॅम्ब्युलन्सला) फोन करतानाच ट्यूब टाकलेला पेशंट आहे हे सांगा. एएलएस (प्रगत सोयींच्या) गाडीत व्हेंटिलेटर असतो, बीएलएसमध्ये (साध्या सोयींच्या) नसतो. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन. मिनिटाला 10 लिटरने अडीच तास, काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. धडगावहून घाट उतरायचा असेल तर दुसरा सिलिंडर आणि त्याची किल्ली घ्या, किल्ली दोरीने सिलिंडरलाच बांधलेली. उन्हात उभी असलेली गाडी आधी गार करा. ताप मेंदूची भूक वाढवतो. पॅरासिटामॉल 1 ग्रॅम शिरेतून.

सर्जनला फोनवर सांगायचं ते असं: वय, मार लागल्याची वेळ, भुलीआधीचा जीसीएस, दोन्ही बाहुल्या, सगळ्यात कमी उतरलेला रक्तदाब, मॅनिटॉल किती वाजता, वॉरफरिन-क्लोपिडोग्रेलसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का. सही करू शकणारा नातेवाईक त्याच गाडीत बसवा. एमएलसीची (पोलिस केसची) बाकी नोंद गाडी निघाल्यावर पुरी करता येते, त्यासाठी पेशंट दारात थांबवू नका.