वस्तऱ्यासाठी सागवानी स्टँड

वस्तऱ्याचे पाते बहुधा कार्बन पोलादाचे असते आणि ओल राहिली तर एका रात्रीतही त्याच्या धारेवर गंजाचे बारीक ठिपके धरू शकतात. म्हणून वस्तरा, दाढीचा ब्रश आणि लाकूड या तिन्हींना भोवतीने वारा लागेल असा स्टँड बांधणे, हेच या कामाचे खरे प्रयोजन आहे.

सागवान घ्यावे. त्यात मुळातच तेल असल्यामुळे ते पाण्याला बराच काळ दाद देत नाही. तळाची फळी 6 इंच लांब, 4 इंच रुंद आणि 1 इंच जाड असावी; 1 इंच चौरस जाडीचे, 8 इंच उंचीचे दोन खांब आणि त्यांच्या मध्ये बसणारी, 4 इंच लांब, अडीच इंच रुंद व 6 सूत जाडीची एक आडवी पट्टी एवढेच बाकीचे सामान. आपले सुतार इंचाचे आठ भाग करून सुतात मोजतात आणि वस्तऱ्याच्या पात्याची रुंदीही इंचाच्या आठव्या भागांतच सांगतात, त्यामुळे 5/8 चा वस्तरा म्हणजे सरळ पाच सुती पाते.

आडव्या पट्टीवर सर्वाधिक लक्ष द्यावे. माझ्या पहिल्या स्टँडला एकच खांब होता आणि त्यातून पुढे आलेल्या पट्टीत ब्रशची खाच होती. लाकडाचे रेषे खाचेला आडवे गेले होते, त्यामुळे ब्रश काढताना थोडा हिसका बसला आणि खाचेच्या एका बाजूचा तुकडा बिस्किटासारखा मोडून हातात आला. तेव्हापासून मी पट्टी दोन खांबांच्या मध्ये बसवतो आणि रेषे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जातील अशीच कापतो. अशा पट्टीत समोरून मधोमध खाच घेतली तरी तिच्या दोन्ही बाजू खांबांना धरून राहतात. खाचेची रुंदी ब्रशच्या मुठीच्या मानेवर मोजून त्याहून अर्धा सूत जास्त ठेवावी. आधी गिरमिटाने आतल्या टोकाला गोल भोक पाडावे, मग करवतीने समोरून दोन काप द्यावेत आणि कानशीने कडा गोल कराव्यात.

पट्टी तळापासून सुमारे साडेचार इंचांवर येते. वस्तरा तिच्या वर, दोन्ही खांबांच्या माथ्यावरील खाचांत आडवा राहतो, म्हणजे ब्रशचे पाणी त्यावर ठिबकत नाही. या खाचा मिटलेल्या वस्तऱ्याच्या जाडीपेक्षा किंचित रुंद आणि साधारण 4 सूत खोल असाव्यात. वस्तरा ठेवताना पात्याची पाठ वर असावी. पाठ खाली ठेवली आणि पाते मुठीला जोडणारी खीळ सैल असली, तर मूठ उचलताना पाते आपल्याच वजनाने उघडते, आणि हा धोका घरात मुले असताना पत्करू नये.

खांबांच्या खालच्या टोकांना कुसू, म्हणजे भोकात बसणारी बारीक जीभ, काढून ते तळफळीतल्या भोकांत घट्ट बसवावेत; आडवी पट्टी लाकडी खुंट्यांनी जोडावी. लोखंडी खिळे वापरू नयेत, ते ओलाव्याने गंजतात आणि भोवतीचे लाकूड काळे पाडतात. सागाच्या तेलकटपणामुळे डिंक नीट धरत नाही, म्हणून जोडाच्या जागा थिनरने पुसून लगेच पाण्यात टिकणारा डिंक लावावा आणि रात्रभर शिकंजात आवळून ठेवावे.

लाखेचे पॉलिश येथे चालत नाही, पाणी लागताच त्यावर पांढरे डाग पडतात. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर किमान एक दिवस वाळू द्यावे. खाचांतील आडव्या कापावर तेल थोडे अधिक मुरवावे, कारण पाणी तेथूनच आत शिरते. तेलाचे फडके चुरगाळून टाकू नये, ते आपोआप तापून पेटू शकते. उघडे पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

तेल पूर्ण वाळून बोटाला लागेनासे झाले की स्टँड वापरायला काढावा, आणि वस्तरा प्रत्येक वेळी खिळीजवळचा सांधासुद्धा कोरडा पुसून, चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा फिरवूनच खाचेत ठेवावा.