सर्व्हर हलवल्यावर इंट्रानेट पुन्हा पुन्हा लॉगिन मागत असेल तर

इंट्रानेटवर, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत साइटवर, पासवर्ड टाकला, पान क्षणभर फिरलं आणि पुन्हा लॉगिनचीच चौकट. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. काही न सांगता परत पाठवलं, म्हणजे बहुधा पासवर्ड पटलाय, कुकी हरवलीय. कुकी म्हणजे लॉगिन झाल्याची सर्व्हरने ब्राउझरकडे दिलेली खूण. गेटवर मिळालेला बिल्ला आतल्या दारापर्यंत पोचलाच नाही, तर तिथला माणूस परत गेटवरच धाडणार. तेव्हा मिरजोळे असो की लोटे, एमआयडीसीतल्या ऑफिसात सोमवारची सकाळ पासवर्ड रीसेट करण्यात घालवू नका.

आधी खासगी विंडो उघडून बघा: क्रोम, एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. तिथे लॉगिन झालं, तर साठलेली जुनी कुकी आडवी येतेय. जुन्या सर्व्हरने अख्ख्या डोमेनसाठी (कंपनीच्या सगळ्या साइटसाठी) दिलेली आणि नव्याने फक्त स्वतःसाठी दिलेली कुकी एकाच नावाची असेल, तर ब्राउझर दोन्ही पाठवतो आणि सर्व्हर भलतीच उचलतो. त्यासाठी सगळा डेटा पुसायला जाऊ नका, बँकेपासून जीएसटीपर्यंत सगळीकडे नव्याने लॉगिन करत बसाल. क्रोममध्ये अ‍ॅड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करून ‘कुकीज अँड साइट डेटा’मध्ये जा आणि फक्त कंपनीच्या नावांपुढची कचरापेटी दाबा.

खासगी विंडोतही तेच, तर पत्ता तपासा. नुसतं ‘इंट्रानेट’, डोमेनसकट पूर्ण नाव आणि आयपी (आकडी) पत्ता, सर्व्हर एकच असला तरी ब्राउझरच्या लेखी ही तीन वेगळी ठिकाणं. जुन्या बुकमार्कमधल्या आयपीवर लॉगिन केलं आणि पुढच्या लिंकने पूर्ण नावावर नेलं, की कुकी मागेच राहते. पोर्टचं, म्हणजे एकाच सर्व्हरवरच्या सेवा वेगळ्या ओळखणाऱ्या क्रमांकाचं, मात्र उलट. कुकी पोर्ट पाहत नाही. ‘थोडे दिवस दोन्ही चालू ठेवू’ म्हणून एकाच नावावर जुनी सिस्टिम ८०८० ला आणि नवी ४४३ ला ठेवली, तर एकाच नावाच्या कुकी एकमेकींना पुसत राहतात.

एखादंच मशीन अडत असेल, तर त्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरच्या नावासह पिंग आणि एनएसलुकअप दोन्ही चालवा. पिंग जुना आयपी दाखवतो आणि एनएसलुकअप नवा, तर होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरच्या नाव-आयपीच्या यादीत) कोणीतरी जुनी ओळ लिहून ठेवलीय किंवा मशीनवरची डीएनएसची (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेची) साठवण शिळी आहे.

घड्याळही बघा. गणपतीत प्लग काढून ठेवलेल्या पीसीतला घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल संपलेला असेल, तर तारीख काही वर्षं मागे जाते. मग सुरक्षा प्रमाणपत्राचे इशारे येतात आणि विंडोज डोमेनचं लॉगिनही अडतं, कारण तिथे ओळख तपासणाऱ्या केर्बेरोसला सहसा ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. सेल स्वस्तातला आहे, बदलून टाका.

आता एफ१२ दाबा. ‘नेटवर्क’ टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करून लॉगिन करा आणि पासवर्ड पाठवणारी ओळ उघडून ‘सेट-कुकी’ शोधा. ते नसेल, तर सर्व्हरने कुकी दिलीच नाही. त्यापुढे पिवळा त्रिकोण असेल, तर ब्राउझरने नाकारली. माऊस वर नेला की कारण दिसतं. नेहमीचं कारण ‘सिक्युअर’: कुकीवर ही, म्हणजे फक्त सुरक्षित एचटीटीपीएसवरच चालायची, खूण आहे आणि नवा सर्व्हर साध्या एचटीटीपीवर चालतोय. खूण काढूनही भागत नाही, कारण एचटीटीपीएसवरून आलेली जुनी सिक्युअर कुकी त्याच नावाने बसलेली असेल, तर साध्या एचटीटीपीवरून ती बदलता येत नाही. खरा उपाय म्हणजे नव्या सर्व्हरलाही एचटीटीपीएस लावणं.

कधी लॉगिन होतं, कधी नाही? मग लोड बॅलन्सरमागे (काम वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) दोन सर्व्हर असावेत आणि सेशन, म्हणजे तुमच्या लॉगिनची नोंद, एकाच्याच मेमरीत. यात तुमच्या पीसीवर करण्यासारखं काही नाही. देवगड-मालवणच्या शाखेत पावसात फायबर तुटून लाइन मोबाइल डोंगलवर गेली की बाहेर फेकलं जात असेल, तर सेशन आयपीला बांधलंय का, ते आयटीला विचारा.

आयटीला कळवताना पूर्ण पत्ता, वेळ, ब्राउझरची आवृत्ती आणि त्या ओळीचा स्क्रीनशॉट द्या. सेट-कुकीतलं मूल्य मात्र झाकून. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते उघडं गेलं, तर सेशन संपेपर्यंत कोणीही तुमच्या नावाने आत शिरू शकतं.