शेडमधली जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी या चुका टाळा

सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यामागे नाहीतर कामठीच्या बंद गोदामात, ताडपत्रीखाली कुणाची तरी दोन सीटची एमजी किंवा ट्रायम्फ (दोन्ही जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार) उभी आहे, अशी कुणकुण नागपुरात अधूनमधून लागते. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिन चालू आहे का?

हा प्रश्न शेवटी विचारायचा. झिजलेले सिलिंडर घासून मोठे (बोर) करता येतात, आत नवी नळी (स्लीव्ह) घालता येते, क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा घासून नव्या बेअरिंगवर बसवता येतो. लेथ आणि बोरिंगची कामं शहरात होतात. सडलेला पत्रा, हरवलेल्या बारक्या वस्तू आणि नसलेले कागद मात्र कुठलाही मिस्त्री तयार करून देत नाही. एका जुन्या मिस्त्रींचं म्हणणं आहे, "इंजन तं बनवून देतो भाऊ, पन पत्रा कुठून आनू?" गाडी बघायला जाताना एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे चुकीचे सौदे टळतील.

रंगावर भुलणे

विकायच्या आधी मारलेला ताजा रंग आणि खालून फासलेलं काळं कोटिंग दिसलं, तर जास्त खोलात शिरा. फडक्यात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक खिशात ठेवा. दरवाज्याखालची पट्टी, चाकांच्या कमानी, हेडलाइटभोवतीचा भाग, सगळीकडे लावून बघा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग मालकाची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. धड पत्रा वाजतो, सडलेला भदभदतो.

गंज कुठे आहे, हे तो किती आहे यापेक्षा महत्त्वाचं. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. उघड्या मॉडेलला तर छताचाही आधार नसतो. सगळा भार दरवाज्याखालच्या सिलवर येतो. दरवाजा बंद ठेवून मागची बाजू जॅकवर उचला. दरवाज्याची फट बदलली किंवा दरवाजा अडकायला लागला, तर सिल गेली असं धरून चाला. ती बदलताना बॉडी आधी सरळ आधारावर धरावी लागते. तसं न करता वेल्डिंग केलं, तर वाकडी गाडी वाकडीच पक्की होते.

ट्रायम्फ स्पिटफायरला चासी आहे, म्हणून लोक निर्धास्त होतात. तिची चासी ट्रायम्फच्याच हेरल्ड या गाडीवरून घेतलेली, पण बाजूचे दांडे काढून टाकलेले. त्यामुळे तिथेही सिल भार घेतात. स्टँडर्ड हेरल्ड १९६१ पासून मद्रासला बनत होती, आणि तिचं पुढचं सस्पेन्शन स्पिटफायरशी बरंच जुळतं. म्हणजे हेरल्डचे भाग तिला चालू शकतात, हा आपल्याकडच्या खरेदीदाराचा मोठा फायदा. या दोन्ही गाड्यांत पुढच्या चाकाजवळ खाली ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, असतो. त्याला ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. वर्षानुवर्षं ग्रीस भरलेला किंवा कोरडा ट्रनियन आतून गंजतो आणि वळणावर चाक आत मोडून पडतं. बघताना तो कोरडा दिसला, तर बदलण्याचा खर्च थेट किमतीतून वजा करा.

त्याहून जुन्या एमजी टीसी, टीडीची गोष्ट वेगळीच. चासी भक्कम, पण बॉडीचा पत्रा ॲश नावाच्या झाडाच्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला. विदर्भाच्या उन्हात हे लाकूड सुकून सांधे ढिले होतात. आणि गाडी कच्च्या जमिनीवर उभी असेल तर वाळवी. बाहेरून पत्रा चकचकीत आणि आत नुसता भुसा, असं होऊ शकतं. दरवाजा बिजागरीवर वर-खाली हलवून बघा. खांबासकट हलला तर सांगाडा नवा करावा लागेल. ते काम डेंटरचं नाही, चांगल्या सुताराचं आहे.

मे महिन्यात एकदाच बघणे

आपल्याकडे खाऱ्या हवेचा त्रास नाही, म्हणून नागपूरची गाडी मुंबईच्या गाडीपेक्षा बरी निघण्याची शक्यता असते. पण उन्हाळाभर साचलेली धूळ दरवाज्यांची आणि सिलची पाणी जायची भोकं बुजवते, पाऊस आला की तिचा चिखल होतो, आणि तो आतल्या आत ओला राहतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत गाडी खडखडीत कोरडी दिसणारच. शक्य असेल तर पावसाळ्यात एक फेरी मारा. शेड गळते का, मॅटखाली ओल आहे का, डिकीत स्टेपनीच्या खोलगट जागेत पाणी साचतं का, हे तेव्हाच कळतं.

"एकदा चावी मारून बघू"

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण ती विकणारा आणि घेणारा मिळून उत्साहाने करतात. बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, पिस्टन रिंग गंजून चिकटलेल्या असतात. नवी बॅटरी लावून सेल मारला किंवा दोरीने ओढून गिअर टाकला, की रिंग तुटते नाहीतर भिंतीवर चरा पडतो. दुरुस्तीला आलेलं इंजिन पाच मिनिटांत रिबोरला जातं.

आधी प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि पातळ तेल सोडा, आणि काही दिवस तसंच राहू द्या. मग वरच्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने मागेपुढे हलवा. इंजिन सुटलं तर जुनं ऑइल काढून नवं भरा, टाकीतलं चिकट झालेलं पेट्रोल रिकामं करा, आणि मगच स्टार्टरचा विचार. नाहीच सुटलं तरी घाबरू नका, फक्त किंमत जाम इंजिनाचीच द्या.

स्पिटफायरसाठी एक सोपी चाचणी आहे. एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढे क्रँकची पुली बघायची. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकली, तर क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत किंवा निखळलेत. मग ब्लॉकचंही नुकसान झालेलं असू शकतं.

रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं असेल तर ब्लॉकमध्ये क्षार साचतात आणि कोअर प्लग (ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) गंजतात. रबरी पेट्रोल पाइप तर सरसकट बदलायचेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

इंजिन कुणाचं आहे, हेही बघा. एमजीए या एमजीबीच्या आधीच्या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांत १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन होतं. त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसिडरमध्येही आलं. त्यामुळे बदललेलं इंजिन सहज खपून जातं. चालवायला हरकत नाही, भाव मात्र मूळ गाडीचा देऊ नका.

"बाकी किरकोळ आहे, मिळून जाईल"

नाही मिळत. हूडचे (घडीच्या कापडी छताचे) दांडे, काचेची चौकट, मागच्या दिव्याची काच, मूळ मीटर यांची यादी तिथेच उभं राहून लिहा. एमजीबीची तर अख्खी बॉडीसुद्धा इंग्लंडमध्ये नवी बनते, तिथून सुटे भाग मागवता येतात, पण वाहतूक आणि कस्टम धरून हिशेब करा. जस्ताच्या ओतकामाच्या मुठी आणि बिल्ल्यांवर खड्डे पडले असतील तर क्रोम करूनही ते धड दिसत नाहीत. सीटचं शिवणकाम फाटलेलं असेल तर त्याची चिंता नको, ते इथेच होतं. पोत्यांत आणि खोक्यांत भरून ठेवलेली गाडी स्वस्त मिळते खरी, पण त्या खोक्यांत काय नाही हे जोडायला बसल्यावरच समजतं.

कागद नंतर करू म्हणणे

चासीवरचा नंबर स्वतः घासून वाचा आणि आरसी बुकाशी ताडून पाहा. नंबर पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा. मूळ मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी (फॉर्म ३१), मग तुमच्या. तीन भावांपैकी एकाने केलेला सौदा हा सौदा नव्हे. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे आपल्याकडच्या फार जुन्या गाडीचा माग राज्याच्या सीमेपलीकडे जाऊ शकतो. जुना नंबर ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत चढला आहे का, हे पैसे देण्याआधी आरटीओत विचारा.

जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली चालत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रोज सकाळी फुटाळा तलावाला चक्कर मारायचं स्वप्न असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

आणि सौदा झालाच, तर गाडी दोरीने ओढत आणू नका. ब्रेक सिलिंडर जाम असतात, टायर आतून चिरलेले असतात. सपाट ट्रेलर बोलवा, चाकांना हवा भरा, आणि निघण्याआधी शेडचा कोपरा न् कोपरा बघा. गाडीचा जॅक, हूडच्या पट्ट्या, चाकांचे कॅप असल्या वस्तू तिथेच जुन्या रद्दीखाली पडलेल्या असतात, आणि त्या नंतर मागायला गेलं की कुणालाच आठवत नाहीत.